दाखल्याची मुदत संपली, भरती अजून ‘परिशीलनेत’च

डोकं फुटायची वेळ आली आहे म्हणून लिहिते.

काल सकाळी आठच्या बसनं नाडकचेरीत, म्हणजे आमच्या भागातल्या महसूल कचेरीत गेले. भावाचा थ्री-बीचा, म्हणजे कर्नाटकातल्या मागासवर्गाच्या आरक्षणाचा दाखला नवा करायचा होता. जुना २०२० च्या डिसेंबरात काढलेला, पाच वर्षांची मुदत, ती संपली. खिडकीत एक कंत्राटी पोरगं बसलेलं. आत दोन टेबलं, दोन्ही रिकामी. एकावर फायलींचा ढीग, वर दगड ठेवलेला. पोरगं म्हणालं, "ताई, साहेब अधिवेशनाच्या ड्युटीला गेल्यात. तलाठ्याकडं तीन गावांचा चार्ज आहे, तेबी तिकडंच. सोमवारी या की." माझ्या मागं एक आजोबा काठी टेकून उभे होते. तीन महिने त्यांचा पगार आला नव्हता. म्हातारपणाची पेन्शन ती, पण आमच्याकडं तिला सगळे पगारच म्हणतात. त्यांनाही तेच, "सोमवार बर्री अज्जा." अज्जा काही बोलले नाहीत. पिशवीतले कागद परत घडी करून ठेवले आणि पायरीवर बसले. परतीची बस साडेबाराला.

अधिवेशनाची ड्युटी! लोकांची कामं का होत नाहीत, जागा रिकाम्या का, हे बेळगावजवळ हलग्याच्या सुवर्ण विधानसौधमध्ये, कर्नाटक विधिमंडळाच्या इथल्या इमारतीत, आमदार मंत्र्यांना विचारणार, आणि ते विचारणं पार पडावं म्हणून आमची कचेरी रिकामी करून माणसं तिकडं नेणार. ही संतापाची गोष्ट नाही तर काय आहे?

२०१२ च्या ऑक्टोबरात राष्ट्रपतींच्या हस्ते त्या इमारतीचं उद्घाटन झालं. तेव्हा मी कॉलेजात होते. उत्तर कर्नाटकाला न्याय मिळणार, बेंगळूरपर्यंत पाचशे किलोमीटर जायची गरज पडणार नाही, असं सांगितलं होतं. मराठी माणूस तिकडं अधिवेशन भरवण्याच्या विरोधात दरवर्षी महामेळावा घ्यायला बघतो, पोलीस अडवतात, धरपकड होते. सीमाप्रश्नाचं दुखणं आहेच, २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. पण आज मला त्यावर बोलायचं नाही. आज मला एवढंच विचारायचं आहे की आमच्या दाराशी दहा-बारा दिवस सरकार येऊन बसतं, तर त्यातून आमच्या पदरात काय पडतं?

टीव्हीवर मी प्रश्नोत्तराचा तास बघते. आमदार उठतात, चांगला प्रश्न विचारतात. किती जागा रिकाम्या, किती काळापासून, कधी भरणार. मंत्री कागद वाचतात. "हंत हंतवागि", म्हणजे टप्प्याटप्प्यानं भरू. अर्थखात्याची मंजुरी मागितली आहे. "परिशीलनेयल्लिदे." विचाराधीन आहे. झालं, पुढचा प्रश्न. त्या ‘परिशीलने’ शब्दाची मला आता चीड आली आहे. पाच वर्षं मी तो शब्द ऐकते आहे. पाच वर्षांपूर्वी ज्याची परिशीलना चालू होती तिचं पुढं काय झालं, हे उठून विचारणारा एक माणूस त्या सभागृहात नसावा?

माझ्या भावाचं सांगते. पीएसआयच्या ५४५ जागा निघाल्या तेव्हा त्यानं धारवाडला खोली केली. पहाटे साडेचारला ग्राउंड, दिवसभर अभ्यास. मराठी शाळेत शिकलेला पोरगा. कानडी त्यानं रात्र रात्र जागून पक्की केली, निबंध लिहायचा आणि शेजारच्या खोलीतल्या विजापूरच्या मित्राकडून तपासून घ्यायचा. ३ ऑक्टोबर २०२१ ला पेपर दिला. चोपन्न हजार पोरांनी दिला. मग निवड यादी लागली आणि कुजबुज सुरू झाली. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळात विचारलं, तर गृहमंत्र्यांचं उत्तर आलं की गैरव्यवहार झालेला नाही. पुढच्याच महिन्यात सीआयडीनं गुन्हा दाखल केला, यादी रद्द झाली. कोऱ्या सोडलेल्या उत्तरपत्रिका मागाहून भरल्या गेल्या होत्या, ब्लूटूथ वापरलं होतं. भरती विभागाचा प्रमुख असलेला वरिष्ठ पोलीस अधिकारीच जुलैत अटकेत गेला.

आणि फेरपरीक्षा कधी? २३ जानेवारी २०२४. सव्वादोन वर्षांनी! ज्यांनी पैसे दिले नाहीत, कुणाच्या ओळखीला गेले नाहीत, त्यांनी ही सव्वादोन वर्षं कशी काढली असतील? भावानं खोली सोडली. उद्यमबागेत फाउंड्रीत लागला. पाळी करून येऊन अभ्यास करायचा, पुस्तकावरच डोकं ठेवून झोपायचा. पानांवर काळ्या बोटांचे ठसे आहेत, मी ती पुस्तकं अजून रद्दीत दिलेली नाहीत. फेरपरीक्षेत थोडक्यात राहिला. तो राहिला याचं दुःख आहे, पण राग त्याचा नाही. पहिल्या वेळेला सरळ पेपर झाला असता तर काय झालं असतं, हे आता कुणीच सांगू शकत नाही. राग आहे तो त्याचा.

‘नाही झाला’ असं सभागृहात सांगणाऱ्याला त्या उत्तराचा कुणी जाब विचारला? सभागृहात दिलेल्या आश्वासनांचं काय झालं ते बघायला विधिमंडळाची एक समिती असते. तिनं काय बघितलं?

त्याच २०२२ साली, त्याच सुवर्ण विधानसौधच्या समोर एका रोजंदारीवरच्या बाईनं शेवया वाळत घातल्या. फोटो सगळीकडं फिरला आणि तिला कामावरून काढलं. बघा, तिथं कशी लगेच कारवाई झाली. त्यात परिशीलना नाही, टप्पे नाहीत, अर्थखातं नाही. गरीब बाई होती म्हणून.

मग केपीएससीचं, म्हणजे कर्नाटक लोकसेवा आयोगाचं. राजपत्रित अधिकाऱ्यांच्या ३८४ जागा, ऑगस्ट २०२४ मध्ये पूर्वपरीक्षा. कानडी पेपरचं भाषांतर इतकं चुकलेलं की मूळ प्रश्न काय हेच कळेना. पोरं रस्त्यावर आली, फेरपरीक्षा लागली २९ डिसेंबरला, आणि त्यातही पुन्हा चुका! ह्यात कानडी-मराठी काही नाही. विजापूरच्या त्या मित्राचं जेवढं नुकसान झालं तेवढंच आमच्याकडच्या पोरांचं. त्यानंतर? ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी अनुसूचित जातींच्या अंतर्गत आरक्षणाचा प्रश्न सुटेपर्यंत नव्या भरतीच्या जाहिरातीच थांबवल्या. त्यांचा हक्क त्यांना मिळालाच पाहिजे, त्याला माझा विरोध नाही, एका शब्दानं नाही. पण जाहिरात थांबवली तसं पोरांचं वय थांबवता येतं का?

आमच्या भागातल्या मराठी शाळा बघा, कितीतरी अतिथी शिक्षकांवर चालतात. जूनला घेतात, मार्चला सोडतात. दवाखान्यात नर्स एकटी. ह्या सगळ्या रिकाम्या जागा म्हणजे कुणाच्या तरी घरात बसलेलं एकेक पोरगं आहे आणि कुठल्या तरी पायरीवर बसलेला एकेक अज्जा आहे.

बेळगाव जिल्ह्यात १८ आमदार आहेत. २०१३ ला महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन होते, २०१८ आणि २०२३ ला एकही नाही. ते का झालं यावर आम्ही आपसात पुष्कळ भांडतो, भांडू. पण आहेत त्या अठरांनी, कुठल्याही पक्षाच्या, कुठल्याही भाषेच्या, मागच्या वर्षीचं मंत्र्यांचं उत्तर हातात धरून उभं राहावं. ‘भरणार’ म्हणाला होता त्यातल्या किती भरल्या? बेळगाव जिल्ह्यात किती? अर्ज मागवून परीक्षा लटकवल्या त्या कुठल्या, कुणामुळं? आकडा द्या, तारीख द्या, आणि तोपर्यंत खाली बसणार नाही म्हणा.

सोमवारी मी परत नाडकचेरीत जाणार आहे. भावाला सुट्टी मिळत नाही, एका खाड्याला दिवसाचा पगार कापतात. काल रात्री मी त्याला म्हटलं, दाखला मिळेल, तू फॉर्म तयार ठेव. तो बूट काढत होता. म्हणाला, "ताई, ह्या दाखल्याची मुदत २०३० पर्यंत असेल न्हवं?"