पक्षाघातानंतर गप्प बसलेला माणूस आळशी नसतो

परवा दुपारी आईचा फोन आला, आवाज रडवेला. "मीच लाड करतेय म्हणून हे उठत नाहीत म्हणे." मावशीने पाठवलेला एक फॉरवर्ड तिने वाचला होता आणि त्यावर विश्वास ठेवून सकाळी बाबांच्या शर्टाची बटणं लावून द्यायची नाहीत असं ठरवलं होतं. बाबा पाऊण तास पलंगाच्या कडेला बसून एका हाताने पहिल्याच बटणाशी झटत राहिले आणि शेवटी उघड्या शर्टानेच भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

फॉरवर्ड थोडक्यात असा: पक्षाघात शरीराला होतो, अपंगत्व मनाला. जिद्द असेल तर माणूस ९० दिवसांत चालतो, नाही चालला तर संपलं. गप्प बसला तर तो आळस, मदत बंद करा. रडला तर लक्ष देऊ नका. काठी किंवा व्हीलचेअर दिली की त्याने हार मानली. नैराश्याच्या गोळ्या देऊ नका, त्यांनी हात हलत नाही.

आधी आळसाचं बघू, कारण माझ्या घरात नुकसान त्याने केलं. पक्षाघात मेंदूत होतो. रक्तपुरवठा तुटतो किंवा रक्तस्राव होतो आणि तिथला भाग मरतो. हात-पाय चालवणारा भाग जसा मरू शकतो, तसाच एखादी गोष्ट आपणहून सुरू करायला लावणारा भागही. विशेषतः मेंदूच्या पुढच्या भागाला किंवा त्याच्या आतल्या जोडण्यांना इजा झाली, की माणूस सांगितलं तर करतो, पण न सांगता त्याला काही करावंसंच वाटत नाही. बघणाऱ्याला हा आळस वाटतो. पण जिथून जिद्द यायची तिथेच जखम आहे, मग ती आणायची कुठून?

बाबांच्या मेंदूच्या उजव्या बाजूला इजा आहे. पहिल्या महिन्यात ते दाढी करायचे ती फक्त उजव्या गालाची. डावा गाल तसाच, साबण लावलेला. आरशासमोर उभं करून दाखवलं तरी "झाली की" म्हणायचे. डावा हात उचला म्हटलं की "उचलला" म्हणायचे आणि हात मांडीवर पडलेला असायचा. ते खोटं बोलत नव्हते. डावी बाजू त्यांच्या मेंदूच्या हिशेबातच नव्हती. अशा माणसाला 'मनाने हरलास' म्हणणं निव्वळ क्रूरपणा आहे.

नैराश्य ही आणखी वेगळी गोष्ट. २०१४ साली हॅकेट आणि पिकल्स या संशोधकांनी ६१ अभ्यासांतल्या २५,४८८ रुग्णांची माहिती एकत्र तपासली. पक्षाघातानंतरच्या पाच वर्षांत कोणत्याही वेळी पाहिलं तरी ३१ टक्के रुग्णांना नैराश्य होतं. म्हणजे दहातल्या तिघांना. हे सगळे आळशी होते? मनाने कच्चे होते? हा आकडा मी आईला तीनदा वाचून दाखवला. नैराश्य आलेला माणूस व्यायाम टाळतो, व्यायाम टळला की सुधारणा रेंगाळते, आणि ती रेंगाळली की तो आणखी खचतो. तिथे घरच्यांनी हात काढून घेतला तर काय होणार ते बटणांच्या वेळी दिसलं.

रडण्याबद्दल मात्र फॉरवर्डमध्ये अर्ध सत्य आहे, मान्य करतो. मेंदूत भावनांना आवर घालणारे मार्ग तुटले की माणूस क्षुल्लक कारणाने रडतो किंवा हसतो, दुःख तेवढं नसतानाही. अशा वेळी विषय बदलावा, गडबड करू नये, हे खरं. ते मिनिटा-दोन मिनिटांत ओसरतं. पण बहुतेक दिवसभर उदास, कशातच मन लागत नाही, झोप आणि भूक बिघडलेली, आणि हे दोन आठवडे चाललंय, तर ते नैराश्य आहे. तिथे 'लक्ष देऊ नका' हा सल्ला जिवावर बेतू शकतो. 'मेलो असतो तर बरं' असं बोलले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं. ज्यांची वाचा गेली आहे त्यांना हे सांगताही येत नाही. त्यांची झोप, जेवण, व्यायामाला नकार यांवर घरच्यांनीच डोळा ठेवायचा.

९० दिवसांचं: पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा वेगाने होते, एवढंच त्यात खरं. दार मात्र बंद होत नाही. २००६ साली अमेरिकेत २२२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत पक्षाघाताला तीन ते नऊ महिने झालेले लोक घेतले होते. त्यांच्या मनगटात-बोटांत थोडी हालचाल शिल्लक होती. चांगल्या हातावर जाड हातमोजा चढवून तो अडवला आणि दोन आठवडे अधू हाताकडून कसून सराव करून घेतला, तर हाताचं काम सुधारलं, आणि वर्षभरानंतरही ती सुधारणा टिकून होती.

गोळ्यांनी हात हलत नाही, हेही खरं निघालं. ब्रिटनमधल्या ३,१२७ रुग्णांच्या चाचणीत (२०१९) फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळीने हातापायांची सुधारणा झाली नाही, हाडं मोडण्याचं प्रमाण उलट वाढलं. पण त्याच चाचणीत नव्याने नैराश्य येणाऱ्यांची संख्या घटली. गोळी द्यायची की नाही हे डॉक्टर रुग्ण बघून ठरवतील, फॉरवर्ड नाही.

काठी म्हणजे हार, यावर जास्त लिहीत नाही. काठी आली तेव्हापासून बाबा न्हाणीघरात एकटे जातात. दार आतून लावून घेतात.

आणि मदत किती करायची ते थेरपिस्टने आईला शिकवलं आहे. शर्ट घालताना अधू हात बाहीत आधी, काढताना चांगला हात आधी. वरची तीन बटणं आई लावते, खालची दोन दिसतात म्हणून बाबा लावतात. आज त्यांना सहा मिनिटं लागली.

मावशी, तो फॉरवर्ड ज्या ज्या ग्रुपवर टाकलास, तिथे हेही टाक.