ॲनोव्हा लावून द्या ना जी

एप्रिल उजाडून पारा बेचाळिसाच्या पुढे सरकला की नागपुरात दोन गोष्टी बाहेर निघतात, माळ्यावरचा कूलर आणि शोधप्रबंधाच्या चौथ्या प्रकरणाचा डेटा. कूलर निदान पाणी भरलं, वाळा बदलला की चालतो. डेटा पेन ड्राइव्हमध्ये येतो, त्याच्यामागे घामाघूम संशोधक येतो, आणि चपला काढायच्या आधीच म्हणतो, "सर, एवढा ॲनोव्हा लावून द्या ना जी."

लावून! बाम लावतात तसा. दुखतंय गुडघ्यात का डोक्यात ते नंतर पाहू, आधी चोळा.

पुस्तकी मराठीत याला प्रसरण विश्लेषण म्हणतात. नागपूरकराला प्रसरण म्हटलं की मे महिन्यातले रेल्वेचे रूळ आठवतात, त्यामुळे हा शब्द मी जपूनच वापरतो. त्यापेक्षा तर्री-पोहे बरे. तीन ठेल्यांवर पाच-पाच प्लेटी खाल्ल्या. कोणत्या ठेल्याचे पोहे जास्त झणझणीत? पण एकाच ठेल्यावरच्या पाच प्लेटीसुद्धा सारख्या नसतात. पहिल्या प्लेटीला वरचं तेल येतं, पाचवीला तळाचा चना. आता ठेल्याठेल्यांतला फरक हा एकाच ठेल्यावरच्या चढउतारापेक्षा चांगला मोठा असेल, तरच ठेल्याला श्रेय द्यायचं. नाहीतर तो नुसता पळीचा खेळ. ॲनोव्हाचा एफ म्हणजे हाच भागाकार: वर गटागटांतला फरक, खाली गटातल्या गटातला.

"पण सर, तीन गट आहेत, तर तीनदा टी-टेस्टच लावू ना," हा पुढचा प्रश्न. टी-टेस्ट म्हणजे एका वेळी दोनच गटांच्या सरासऱ्यांची तुलना. लावा. दर वेळी चुकायची ५ टक्के मुभा घेतलीत, तर तीन स्वतंत्र चाचण्यांत एकदा तरी फसायची शक्यता १४ टक्क्यांवर जाते. पाच गट असले की जोड्या दहा होतात आणि हाच हिशेब ४० टक्के दाखवतो. एवढी जोखीम तर व्हेरायटी चौकात सिग्नल तोडणारासुद्धा घेत नाही. बरं, घेतो, पण तो त्याचा प्रबंध करत नाही.

आता प्रत्यक्ष गणित करू, कारण सॉफ्टवेअरच्या भरवशावर मौखिकीला गेलेला माणूस परीक्षकाच्या पहिल्याच "हे आलं कुठून?"ला घाम पुसू लागतो. वीस गुणांची चाचणी. व्याख्यान पद्धतीचे पाच विद्यार्थी: ८, ९, १०, ११, १२. गटचर्चेचे: १०, १२, १३, १४, १६. प्रात्यक्षिकाचे: १४, १५, १६, १७, १८. सरासऱ्या १०, १३ आणि १६. सगळ्यांची मिळून १३. ही १३ म्हणजे आपला झिरो माईलचा दगड, सगळी अंतरं इथून मोजायची. नुसती बेरीज केली तर उत्तर शून्य येतं, कारण जेवढे अलीकडे तेवढेच पलीकडे. म्हणून प्रत्येक अंतराचा वर्ग करून बेरीज घ्यायची. ती येते १३०. गटांच्या सरासऱ्या १३ पासून ३, ० आणि ३ ने दूर. वर्ग ९, ०, ९. प्रत्येक गटात पाच जण, म्हणून पाचने गुणून ९०. हा गटांमधला वाटा. उरलेले ४० गटांच्या आतले: १०, २० आणि १०. बेरीज जुळली नाही तर पुढे जायचं नाही, आधी चहा घ्यायचा.

मग स्वाधीनता मात्रा, म्हणजे इंग्रजीतली डिग्री ऑफ फ्रीडम. गट तीन, त्यातून एक वजा, म्हणून २; विद्यार्थी पंधरा, त्यातून गट वजा, म्हणून १२. नव्वदला दोनने भागा, ४५. चाळीसला बाराने भागा, ३.३३. एफ आला १३.५. तक्त्यात २ आणि १२ समोर ०.०५ पातळीला ३.८९ आहे आणि ०.०१ ला ६.९३. दोन्ही ओलांडले, शून्य परिकल्पना, म्हणजे 'पद्धतींत काहीच फरक नाही' हे गृहीतक, गेली. इथे संशोधक खुर्चीतून अर्धा उठतो. बसा म्हणावं लागतं.

एसपीएसएस या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच काम तीन क्लिकांत होतं, फक्त बाण योग्य खोक्यात टाकावा लागतो. बहुतेक जण तीन गटांचे गुण तीन शेजारच्या रकान्यांत भरून आणतात, लग्नाच्या आहेराची यादी असते तसे. ते चालत नाही. सगळे गुण एकाखाली एक, एकाच रकान्यात. शेजारच्या रकान्यात गटाचा आकडा, १, २ किंवा ३. आणि गैरहजर पोराला ९९ हा कोड दिला असेल तर तो 'मिसिंग' म्हणून सांगून ठेवावा. नाहीतर आपल्या उदाहरणातल्या त्या १८ वाल्याच्या जागी ९९ बसला, की वीस गुणांच्या चाचणीत गटाची सरासरी ३२.२ होते. गंमत म्हणजे एवढी सरासरी फुगूनही एफ १३.५ वरून १.५५ वर कोसळतो. कारण तो ९९ गटांमधला फरक वाढवतो त्याच्या कितीतरी पट गटाच्या आतली पांगापांग वाढवतो. एक पोरगं शाळेत आलं नाही, आणि वर्षभराची शिकवण्याची पद्धत निकामी ठरली!

खरा फरक नसताना एवढा किंवा याहून मोठा एफ निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता म्हणजे पी. सॉफ्टवेअर ती 'सिग.'च्या रकान्यात दाखवतं. तिथे .००० दिसलं म्हणून प्रबंधात 'पी = ०' लिहू नये. ०.००१ पेक्षा कमी, असं लिहावं. शक्यता शून्य म्हणजे मे महिन्यात नागपुरात आभाळातून बर्फ पडण्याची. आणि गारपीट पाहिलेला माणूस तेही छातीठोक सांगणार नाही.

लेव्हीनची चाचणी वगैरे करावीच, गटांची पांगापांग साधारण सारखी आहे का ते कळतं. नसेल तर वेल्चचा एफ घ्यावा, त्याला पांगापांग सारखी नसली तरी चालते. पण खरं दुखणं तिथे नसतंच. ॲनोव्हाचे जनक, संख्याशास्त्रज्ञ फिशर साहेब १९१९ साली इंग्लंडातल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात गेले आणि खतं-पिकांच्या हिशेबातून ही रीत त्यांनी तिथे वाढवली. वाफा चिठ्ठी टाकून निवडता येतो. वाफा संध्याकाळी ट्यूशनला जात नाही. शेजारच्या वाफ्याला मधल्या सुट्टीत "आमच्याकडे आज प्रयोग दाखवला बे" असं सांगत नाही. आपल्याकडे मुख्याध्यापक म्हणतात, तुकड्या मोडता येणार नाहीत; अ ला व्याख्यान, ब ला गटचर्चा, क ला प्रात्यक्षिक. मग निकाल पद्धतीचा, तुकडीचा, का क तुकडीच्या खमक्या बाईंचा? एका पद्धतीला एकच तुकडी असली तर पोरं सव्वाशे असूनही खरे वाफे तीनच. पूर्वचाचणी घेऊन सहप्रसरण विश्लेषण केलं तर आधीच्या फरकाची थोडी भरपाई होते, बाईंची होत नाही. हे सगळं सिनॉप्सिसच्या वेळी विचारायचं असतं. येतात एप्रिलात.

आणि आता त्या अर्ध्या उठलेल्या संशोधकाकडे येऊ. एफने एवढंच सांगितलं की तिन्ही सरासऱ्या सारख्या नाहीत. कोण कोणापेक्षा वेगळा, हे त्याने सांगितलेलंच नाही. त्यासाठी टुकीची चाचणी. तक्त्यातला ३.७७ घ्या, ३.३३ ला ५ ने भागून जे येईल त्याच्या वर्गमुळाने, म्हणजे ०.८१६ ने, गुणा. उत्तर ३.०८. दोन सरासऱ्यांतलं अंतर याहून जास्त असेल तरच फरक सार्थ. व्याख्यान आणि प्रात्यक्षिक, अंतर ६: पास. व्याख्यान आणि गटचर्चा, अंतर ३: नापास. गटचर्चा आणि प्रात्यक्षिक, पुन्हा ३: नापास. म्हणजे गटचर्चा इकडच्यापेक्षा वेगळी ठरत नाही, तिकडच्यापेक्षाही नाही, आणि ते दोघं मात्र एकमेकांपासून वेगळे. एकत्र कुटुंबातल्या मधल्या काकांसारखं. वेगळी ठरत नाही म्हणजे सारखीच आहे असंही नव्हे. पाच-पाच पोरांत एवढंच दिसतं.

आणि प्रबंधाचं शीर्षक असतं 'गटचर्चा पद्धतीच्या परिणामकारकतेचा अभ्यास'. बाइंडिंगवाल्याकडे सोनेरी अक्षरांची ऑर्डर गेलेली असते. खोलीत फक्त कूलरचा आवाज. मग सीताबर्डीच्या मेन रोडवर चादरीचा भाव करावा तशा सुरात,

"सर, ०.०८ चाच तर प्रश्न आहे. थोडं पाहून घ्या ना जी."