दोनच तोडून द्या

गेले तीन आठवडे मी एका कादंबरीच्या पान ४३ वर मुक्काम ठोकून आहे. नायिका खिडकीशी उभी आहे, बाहेर पाऊस आहे, हातातला चहा निवलाय. अकरा वर्षं गिळून ठेवलेलं काहीतरी ती आज नवऱ्याला सांगणार आहे. 'तिने मान वळवली आणि' इथपर्यंत मी पोचते. त्या 'आणि'वर बोट असतानाच काउंटरच्या काचेवर नाणं वाजतं. टक टक टक.

"ओ म्याडम, ती पांढरी गोळी द्या की."

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका मेडिकलमध्ये मी फार्मासिस्ट आहे. कितवी गल्ली ते सांगत नाही, मालक वाचतील. १९४८ च्या फार्मसी कायद्याने औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टला दिलाय, म्हणून माझं सर्टिफिकेट भिंतीवर गणपतीच्या शेजारी फ्रेममध्ये लटकतं. रोज सकाळी दोघांनाही उदबत्ती ओवाळली जाते. बसायला मला मात्र स्टूल. खुर्ची एकच आहे आणि ती गल्ल्याची.

वाचायचा मुहूर्त दुपारी दोन ते चार. मालक घरी जेवून आडवे झालेले असतात, दुकानातला पोरगा मागे सलाइनच्या खोक्यांवर आडवा झालेला असतो. पुस्तक मी करवीर नगर वाचन मंदिरातून आणते. १८५० सालचं वाचनालय ते. तिथल्या कपाटासमोर उभं राहिलं की वाटतं, आठवड्यात फडशा पाडू. मग ते पुस्तक आमच्या काउंटरखाली येतं आणि त्याला खोकल्याच्या औषधाचा वास लागतो. परतीची तारीख आणि एक्सपायरी, दोन्हींकडे मी एकाच धास्तीने बघते. त्यातल्या त्यात एक्सपायरी बरी. तारीख जवळ आली की माल स्टॉकिस्टकडे परत जातो आणि क्रेडिट नोट येते. न वाचलेल्या कादंबरीची क्रेडिट नोट कुणी देत नाही.

तर पांढरी गोळी.

"कुठली पांढरी?"

"मागच्या टायमाला दिल्याली."

"कशासाठी घेता?"

"आईसाठी."

"आईंना काय होतंय?"

"ते डॉक्टरला म्हाईत. बारकी हाय. मधी रेघ हाय बघा."

दुकानातल्या निम्म्या गोळ्या पांढऱ्या आहेत आणि बारक्या पांढऱ्यांतल्या बऱ्याचशांना मध्ये रेघ आहे. मी पाच पाकिटं मांडते. गिऱ्हाईक गुजरीत पाटल्या निवडाव्यात तसं निरखतं आणि मान हलवतं, "ह्यातली न्हाई. त्या दिवशी तुमी न्हवता. दुसऱ्या म्याडम हुत्या." दुसऱ्या म्याडम आमच्याकडे कधीच नव्हत्या. ती मीच, कोट धुवायला टाकला होता त्या दिवशी. शेवटी घरी फोन लागतो, स्पीकरवर, अख्ख्या गल्लीला आईच्या तब्येतीची बातमी कळते आणि व्हॉट्सॲपवर रिकाम्या पाकिटाचा फोटो येतो. फोटोत सगळं दिसतं. नाव तेवढं दिसत नाही, कारण नावाचा भाग मागच्या वेळी मीच कात्रीने उडवलेला असतो.

कात्री. डिग्री घेताना आम्हाला ग्रॅम-मिलिग्रॅम शिकवले, रसायनांच्या साखळ्या पाठ करून घेतल्या. कात्री कुणी शिकवली नाही आणि दुकान तर सगळं कात्रीवर चालतं. "दोनच तोडून द्या." डॉक्टरांनी पाच दिवसांचं अँटिबायोटिक लिहिलेलं असतं. गिऱ्हाइकाला दोनच हव्यात, गुण आला तर परत येणार. मी पाकिटावरची उभी लाल रेघ बोटाने दाखवते. कोर्स अर्धवट सोडू नका म्हणते, नाहीतर जंतू शहाणे होतात आणि मग ही गोळी त्यांना जुमानत नाही.

"हुंदेत की शाणं," एक पैलवान मला म्हणाले होते, "आमच्या घरात कुणीतरी शाणं होईल."

बरं, तोडायचं तरी कसं, तर बॅच नंबर आणि एक्सपायरी छापलेला तुकडा शेवटपर्यंत आपल्याकडे राहील असं, उलट्या टोकाकडून. गिऱ्हाइकाकडे जातात ते सुटे तुकडे. आमच्याकडे अशा उरलेल्या तुकड्यांचा एक प्लास्टिकचा डबा आहे, आणि माझ्या डोक्यात तसाच डबा कादंबऱ्यांचा आहे. एकीत नायिका माहेरच्या उंबऱ्यावर उभी, एकीत वकिलाच्या जिन्यात, एकीत ऑपरेशन थिएटरच्या बाहेर. कुणाचीच एक्सपायरी मला ठाऊक नाही.

मी वाचते ते बहुतेक बायकांनी लिहिलेलं, आत्ताच्या काळातलं. हट्ट नाही, सवय आहे. दिवसभर काउंटरच्या अलीकडून बायकांचे अर्धे वाक्य ऐकते, तेव्हा उरलेलं अर्धं कुठेतरी छापलेलं असेल अशी आशा. मध्यंतरी कविता महाजनांची 'ब्र' आणली होती. २००५ साली आलेली, आदिवासी भागातल्या महिला सरपंचांची कादंबरी. मुखपृष्ठावरचं ते एकच जोडाक्षर बघून एक गृहस्थ म्हणाले, "ब्रुफेन व्हय?"

त्यांचं काही चुकलं नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीत आम्हीसुद्धा तेवढंच वाचतो. पहिलं अक्षर कळतं, पुढे रंकाळ्याच्या लाटा. मग वय, आजार, कुठल्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि त्यांच्याकडे सध्या कुठल्या कंपनीचा एम.आर., म्हणजे औषधं खपवणारा प्रतिनिधी, जातो, एवढ्यावरून उरलेलं औषध लावायचं. खात्री नसेल तर दवाखान्यात फोन. तिथली सिस्टर म्हणते, "डॉक्टरांनाच विचारते," आणि डॉक्टर म्हणतात, "चिठ्ठी बघितल्याशिवाय कसं सांगू?" औषधांची नावं सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत असा नियम २०१६ साली निघाला होता. तो बहुतेक कुणा डॉक्टरांनी हाताने लिहून सगळीकडे पाठवला असावा. लागला नाही कुणाला.

पण खरा 'ब्र' काढत नाहीत त्या बायका. दुकानात पुरुषमाणूस असेल तर बाई टूथपेस्टच्या खोक्यावरचा मजकूर वाचत उभी राहते. सगळा वाचते, कारखान्याच्या पत्त्यासकट. माणूस गेला की पुटपुटते, "ते द्या." ते म्हणजे काय, हे मी डोळ्यांवरून ओळखते, या विषयात मला डॉक्टरेट मिळायला हरकत नाही. सॅनिटरी पॅडवरचा जीएसटी २०१८ च्या जुलैत शून्यावर आला. त्यावर गुंडाळायचा कालचा पेपर मात्र अजून सुटलेला नाही. मी एकदा नुसतं पॅकेट पुढे केलं, तर ती बाई अशी दचकली की जणू मी तिच्या हातात जिवंत खेकडा दिला.

प्रेग्नन्सी टेस्टचं किट कधीच कुणी स्वतःसाठी नेत नाही. ते वैनीसाठी असतं, मैत्रिणीसाठी असतं, एकदा तर "शेजारच्या काकूंसाठी" होतं. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' लिहिताना बाळूताई खरे यांनी, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकरांनी, विभावरी शिरूरकर हे नाव घेतलं होतं. आमच्या काउंटरवर दिवसाला दोन-तीन विभावरी येऊन जातात. मी काही विचारत नाही, पण वाचनाची खोड वाईट, मनात प्रकरण पहिलं सुरू होतं. परवा एकीने किट पर्समध्ये टाकलं, स्कूटीला किक मारली आणि वळून विचारलं, "दोन रेघा आल्या तर हो न्हवं?" मी मान हलवेपर्यंत ती सिग्नलला. पुढे काय झालं असेल? पान ४३.

आता दुसरी बाजूही सांगते. फार्मासिस्टने कादंबरी वाचणं हे कादंबरीच्याही प्रकृतीला बरं नाही. मागच्या एका पुस्तकात सातव्या प्रकरणात नायिका कोपऱ्यावरच्या दुकानातून झोपेच्या गोळ्या आणते. नुसती जाते आणि आणते! पुढची चार पानं तिचं एकटेपण, तिची आई, पंख्याचा आवाज, फार सुंदर लिहिलंय म्हणतात. मी त्यातलं एक अक्षर वाचलं नाही. माझं आपलं एकच चाललेलं, चिठ्ठी कुठाय? अल्प्राझोलामसारखी गोळी शेड्यूल एच-वनमध्ये येते. डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, सगळं वेगळ्या रजिस्टरला चढवायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. तिला ती दिली कुणी? लेखिकेने दुकानाचं नाव टाकलं असतं तर मी तक्रारच केली असती.

रविवारी वाचनाचं नाव काढायचं नाही. रविवारी दुपारी तीननंतर तांबडा-पांढरा आपलं म्हणणं मांडायला लागतो आणि सगळं कोल्हापूर छातीवर हात ठेवून आमच्या दारात उभं राहतं. आखाडात तर रोजच रविवार. अशाच एका रविवारी गर्दीत एकाने इन्सुलिन मागितलं. मी २ ते ८ अंशांवरच्या फ्रिजमधून काढून दिलं, तर म्हणाला, "गार नको ओ, साधं द्या. खोकला हाय."

या सगळ्यात आक्कांची गोष्ट राहूनच जाईल.

आक्का मागच्या गल्लीतल्या. बीपीच्या पंधरा गोळ्यांचं एक पाकीट त्यांना पंधरवडाभर पुरतं, पण येतात रोज, अडीचला, आमच्या पंख्याखाली बसायला. एके दिवशी त्यांनी विचारलं, "काय वाचायलीस गं एवढं?" मी गोष्ट सांगितली. खिडकी, पाऊस, अकरा वर्षं.

"मग सांगिटलं का तिनं?"

"अजून नाही, आक्का."

दुसऱ्या दिवशी पुन्हा, "सांगिटलं?" तिसऱ्या दिवशी पुन्हा. दुसऱ्या आठवड्यात आक्का वैतागल्या. "आगं, एवढ्यात माझी दोन बाळंतपणं झाली असती. तिला म्हणावं आधी चा गरम कर, त्याला दे, आन मग बोल. निवलेल्या च्यावर कोण कुणाचं ऐकतंय?"

मी त्यांना थोडं वाचून दाखवलं. नायिका मैत्रिणीला म्हणते, 'मी थकले गं.' आक्कांनी लगेच ओळखलं, "पुण्याची हाय." कारण आमच्याकडे बाई थकली तर "मी थकलो" म्हणते. मी येतो, मी जातो, मी जेवलो. मीसुद्धा इथे 'पोचते', 'वाचते' असं शिस्तीत लिहितेय, पण तोंडाने बोलताना 'पोचतो'च. नायिकेला पुरुषाच्या बरोबरीने उभं राहायला तीनशे पानं लागतात. कोल्हापूरच्या बायकांनी ते क्रियापदातच उरकून घेतलंय. घरात त्याचा किती उपयोग झाला तो भाग निराळा.

"दे इकडं," शेवटी आक्का म्हणाल्या. "तुझ्यानं काय हुईत न्हाई. नातीकडनं वाचून घेतो."

वाचनालयाचं पुस्तक असं तिसऱ्याला द्यायचं नसतं. मी दिलं. आठ दिवस आक्का आल्याच नाहीत. मी रिकाम्या स्टुलाकडे बघत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा दुपारी दोन ते चार एकही गिऱ्हाईक आलं नाही, हे इथे नोंदवून ठेवते.

नवव्या दिवशी, नेमकी परतीची तारीख होती त्या दिवशी, आक्का पुस्तक घेऊन आल्या. "झालं वाचून. शेवट मला काय पटला न्हाई." मी घाईने पान ४३ काढलं. माझी खूण, एक रिकामं पाकीट, जागच्या जागी होती. पण शेवटाकडे आणखी एक खूण होती. तीसुद्धा गोळ्यांच्या पाकिटाचीच. आणि ते रिकामं नव्हतं.

अशा वेळी वाचक असता तर त्याने शेवटचं पान उघडलं असतं. मी गोळ्या मोजल्या. सहा. पाकीट नेऊन एकोणीस दिवस झाले होते.

"आक्का, ह्या सहा?"

"खूण नको व्हय? तू बी तेच घालतीस की."

"माझं रिकामं असतं."

"मग ते सरकतंय पानातनं. जरा जाड पाहिजे."

मी नुसतीच बघत राहिले. आक्कांनी पदर सारखा केला. "बरं वाटतंय त्या दिवशी घेत न्हाई. तेवढंच पाकीट लांबतंय." बीपी असं बरं वाटण्यावरून कळत नसतं, हे मी त्यांना वर्षभरात शंभर वेळा सांगितलेलं. एकशे एकाव्यांदा सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं, मग ह्या सहा आत्ता टाकतो तोंडात, एकदम." मी काउंटर ओलांडायचीच बाकी होते. राहिलेल्या गोळ्या एकदम घ्यायच्या नसतात, आक्का! रोजची एकच, ठरल्या वेळी!

मग आमचा सौदा झाला. पुस्तक संध्याकाळी परत गेलं, त्याला पुढे कुणाचा तरी नंबर लागलेला होता. शेवट आता आक्कांच्या ताब्यात आहे. आणि आक्कांचं पाकीट माझ्या.

आज चौथा दिवस. अडीचला आक्का येतात, मी कात्रीने एक गोळी तोडून देते, त्या ती माझ्यासमोर माझ्याच बाटलीतल्या पाण्याने गिळतात आणि मग गोष्ट सांगतात, तीही तोडूनच. आत्तापर्यंत कळलं ते एवढं, की तिने मान वळवली तेव्हा नवरा टीव्ही बघत होता. तिने काहीही न सांगता पिशवी भरली, गॅस बंद केला, परत जाऊन पुन्हा एकदा बघितला, आणि ती रिक्षाने एसटी स्टँडवर आली. आज ती फलाटावर उभी होती. एक गाडी माहेरच्या गावाची, एक मुंबईची, दोन्ही एकदमच लागलेल्या. तिने पिशवी उचलली आणि

टक टक टक.

"ओ म्याडम, ती गुलाबी न्हाई का, बारकी..."

आक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "बघ तुझं गिऱ्हाईक. मी उद्या येतो."