कंबर नेमकी असते कुठे?

जळगावच्या मेहरुण तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्या आम्हा बायकांत सध्या एकच विषय, वजन. भेटल्या भेटल्या "कितलं उतरनं व माय?" आणि उत्तर किलोत. माझं मत स्पष्ट आहे: रोज काट्यावर चढणं म्हणजे जिवाला उगाच घोर. त्यापेक्षा टेप लावा. पण लावायची तर धड लावा, नाहीतर तीही काट्याइतकीच थापा मारते.

काट्याचं बघा. थंडीत शेतात भरीत पार्टी झाली, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, पुऱ्या, वर शेवभाजी, की दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर. आता किलोभर चरबी म्हणजे जवळपास ७,७०० कॅलरी, त्याही रोजच्या गरजेच्या वर. एवढं भरीत कोणाच्या बापाला जात नाही! ते मीठ, आणि मिठाने धरून ठेवलेलं पाणी. मे महिन्यात उलटं, घामानेच काटा खाली येतो आणि पाणी प्यायलं की परत जागेवर.

बरं, वजन बेतात असलं म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२! आपल्या लोकांची चरबी पोटावर बसते. म्हणूनच भारतीय बायकांसाठी कमरेची मर्यादा ८० सेंटिमीटर धरतात, पुरुषांसाठी ९०.

आता ही कंबर मोजायची कुठे? कोणी नाडी बांधतो तिथे मोजतं, कोणी बेंबीवर, कोणी जिथे सगळ्यात बारीक दिसतं तिथे. एकाच बाईचे तीन आकडे. जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत सोपी आहे. कुशीला हात लावून सगळ्यात खालची बरगडी चाचपा, मग कमरेच्या हाडाचा वरचा काठ, आणि दोन्हींच्या बरोबर मध्यावर टेप. श्वास सहज सोडून झाल्यावर आकडा वाचा. पोट आत ओढायचं नाही (हे सांगूनही सगळ्या ओढतातच). टेप पाठीमागे हमखास खाली घसरते, म्हणून आरशासमोर एका कुशीने उभं राहून बघा. कातडीला टेकली पाहिजे, रुतायला नको. ब्लाउजचं माप घेताना शिवणाऱ्या ताई आत बोट घालून ढील सोडतात. ते कपड्याला बरोबर, इथे चालत नाही. आणि घरातली जुनी टेप वापरण्याआधी स्टीलच्या पट्टीशी ताडून घ्या. टोकाची पत्र्याची पट्टी निघालेली असते, पहिला अर्धा इंच गायब, कापड ताणलेलं ते वेगळंच.

वेळ एकच ठेवा: सकाळी, पोट साफ झाल्यावर, चहाच्याही आधी. दोनदा मोजा, आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा. पाळीच्या आसपास पोट फुगतं, ते दिवस सोडा. दंड-मांडीचं माप व्यायामानंतर लगेच घेऊ नका, स्नायू तेव्हा फुगलेले असतात. मांडीसाठी गुडघ्याच्या वाटीपासून वर ठरावीक अंतर मोजून पेनाने खूण करा, दर वेळी तीच बाजू. पंधरा दिवसांतून एकदा पुरे.

एका जिममध्ये माझ्या भाचीची मापं पहिल्यांदा एका मुलीने घेतली होती, संध्याकाळी, टी-शर्टवरून, सैल. महिन्याने दुसऱ्याच मुलीने सकाळी, टेप करकचून. "तीन इंच गेले!" म्हणून फोटोसकट स्टेटस. भाचीची जीन्स मात्र पहिल्यासारखीच घट्ट. त्यामुळे कोणी "महिन्यात तीन इंच" म्हटलं की मी आधी विचारते, दोन्ही वेळा मोजलं कोणी, आणि जेवणाआधी की नंतर?