तिसरी तुतारी

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी ‘तू म्हणशील तिथे जाऊ’ असे बायकोला सांगण्यापूर्वी मी तिच्या कपाटातल्या तबकड्या एकदा तरी चाळायला हव्या होत्या. ते न केल्यामुळे जर्मनीतल्या बायरॉइट गावी, सोळा संगीतवेड्यांच्या आणि एका तज्ज्ञ मार्गदर्शकांच्या सहवासात, जर्मन संगीतकार रिचर्ड वाग्नरची ‘रिंग’ ऐकण्याचा योग माझ्या कपाळी आला. ‘रिंग’ म्हणजे सहा दिवसांत चार ऑपेरा, सारे मिळून सुमारे पंधरा तासांचे संगीत. मधले दोन दिवस सुट्टी असते, पण ती गायकांच्या घशासाठी. श्रोत्यांच्या पाठीचा विचार कोणी केलेला नाही.

ऑपेरा दुपारनंतर असला तरी आमचा दिवस सकाळी व्याख्यानाने सुरू होई. आमचे तज्ज्ञ अत्यंत सज्जन गृहस्थ होते. पियानोवर बसून ते एकेक लाइटमोटिफ वाजवून दाखवत: ही तलवार, हा भाला, ही अंगठी, हा शाप. (व्यक्ती, वस्तू किंवा कल्पना आली की तिची ठरलेली धून वाजते, एवढाच त्याचा अर्थ. हा शब्द खुद्द वाग्नरने रूढ केलेला नाही हे कळल्यावर त्याच्याविषयीचे माझे मत थोडे सुधारले.) मग ते एखादी धून वाजवून चष्म्यावरून एकेकाकडे पाहत. गृहपाठ केला नसला की शाळेत मी पुढच्या मुलाच्या पाठीआड सरकत असे; तसाच येथेही सरकलो, परंतु पुढच्या बाई फारच सडपातळ होत्या.

‘‘सांगा बरं, हे काय?’’

‘‘शाप,’’ मी म्हणालो. तो भाला निघाला. पुढच्या वेळी मी ‘भाला’ म्हणालो, तेव्हा शाप निघाला.

सहप्रवाशांपैकी एक वयोवृद्ध गृहस्थ १९७६ च्या ‘रिंग’च्या शताब्दी प्रयोगाला हजर होते. पात्रीस शेरो या दिग्दर्शकाने तेव्हा वाग्नरच्या देवांना औद्योगिक युगात आणून उभे केले, म्हणून प्रेक्षकांनी हुर्यो उडवली होती. या गृहस्थांची हुर्यो तेव्हा अर्धवट राहिली असावी, कारण जेवणाच्या टेबलावर ते ती रोज थोडी थोडी पूर्ण करत.

वाग्नरने स्वतःच्या कलाकृतींसाठी बांधवून घेतलेले तेथील नाट्यगृह १८७६ साली उघडले. वाद्यवृंद रंगमंचाखाली झाकलेला असल्यामुळे दिसत नाही, गाण्यांचे भाषांतर कोठे झळकत नाही, खुर्च्यांना हात नाहीत आणि रांगांच्या मधोमध वाटही नाही. म्हणजे मध्येच उठायचे तर अर्धी रांग उठवावी लागते. पहिला ऑपेरा ‘दास राइनगोल्ड’ अडीच तासांचा, आणि त्याला मध्यंतर नाही. पूर्ण अंधारात तो ई-फ्लॅटच्या एका खोल स्वराने सुरू होतो आणि पहिले १३६ बार (म्हणजे ठेक्याची आवर्तने) त्याच एका स्वरसंगतीत वाहत राहतात. चौथ्या बारला माझा घसा खवखवू लागला. बायकोने अंधारातच खोकल्याची गोळी हातात ठेवली. तिचा कागद मी एकेका बारला केसभर या वेगाने उलगडत गेलो, तरीही त्याच्या प्रत्येक चुरचुरीला पुढची एक मान वळत होती. राइनकन्या, म्हणजे राइन नदीतल्या जलपऱ्या, गाऊ लागल्या तेव्हा कागदाची एक बाजू सुटली होती आणि गोळी तळहातावर विरघळून गेली होती.

पुढच्या तीन ऑपेरांना मात्र तासातासाची मध्यंतरे असतात. ती संपत आली की वादक सज्जात उभे राहून येणाऱ्या अंकातली एखादी धून तुताऱ्यांवर वाजवतात: पंधरा मिनिटे उरली असता एकदा, दहा उरली असता दोनदा, पाच उरली असता तीनदा. त्यानंतर दारे बंद होतात. शेवटच्या संध्याकाळी मी स्वच्छतागृहाच्या रांगेत उभा असताना तिसऱ्यांदा तुताऱ्या वाजल्या. माझ्यापुढे अजून चौघे होते, आणि त्यांतले पहिले आमचे तज्ज्ञ. त्यांनी डोळे मिटून धून शेवटपर्यंत ऐकली, मग मागे वळून प्रसन्नपणे विचारले, ‘‘आता सांगा, ही धून कशाची?’’

‘‘पाच मिनिटांची,’’ मी म्हणालो.