ग्लॉक प्लॅस्टिकचं आहे, म्हणून मशीनमध्ये दिसत नाही? साफ खोटं!

जळगाव-भुसावळकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. ‘ग्लॉक हे जगातलं पहिलं प्लॅस्टिकचं पिस्तूल. विमानतळावरच्या एक्स-रेत ते दिसत नाही. त्याला सेफ्टीच नसते. १७ गोळ्या मावतात म्हणून ग्लॉक १७. सिनेमामुळे खपलं आणि आज अमेरिकी लष्कराचं अधिकृत पिस्तूल आहे.’ शिकलीसवरलेली माणसंही हे पुढे ढकलतात, म्हणून लिहायला बसलो.

आधी एक्स-रेचं बघू, कारण लोक घाबरतात ते त्यालाच. ग्लॉकची फक्त फ्रेम, म्हणजे मुठीसकटचा खालचा सांगाडा, नायलॉनच्या जातीतल्या पॉलिमरची, म्हणजे मजबूत प्लॅस्टिकची. नळी, वरची मागेपुढे सरकणारी स्लाइड, स्प्रिंगा, काडतुसावर आघात करणारी फायरिंग पिन सगळं धातूचं. फ्रेममध्येही स्लाइड सरकायला पोलादी पट्ट्या बसवलेल्या असतात. रिकामं पिस्तूल साधारण सव्वासहाशे ग्रॅम भरतं आणि त्यात मोठा वाटा पोलादाचाच. एक्स-रेत तर पॉलिमरही दिसतं, फक्त वेगळ्या रंगात. आणि गोळ्या? वरणगावच्या आयुध निर्माणीच्या आसपास राहणाऱ्यांना काडतूस पितळेचं असतं हे सांगायला नको.

ही अफवा आजची नाही. १९८६ मध्ये अमेरिकेत एका वृत्तपत्रीय स्तंभातून, लीबिया हे पिस्तूल विकत घेऊ पाहतोय असं सांगत, ही भीती पसरली. १९९० च्या एका हॉलिवूडपटात तर ‘ग्लॉक ७’ नावाचं चिनी मातीचं, एक्स-रेत न दिसणारं पिस्तूल दाखवलं. असं मॉडेल कधी निघालंच नाही. मधल्या काळात, १९८८ मध्ये, न सापडणाऱ्या शस्त्रांवर बंदी घालणारा कायदा अमेरिकेत झाला. त्यानुसार शस्त्रात किमान सुमारे १०५ ग्रॅम स्टीलइतका धातू सापडायला हवा. ग्लॉकमध्ये धातू त्याच्या कितीतरी पट, त्यामुळे त्याची विक्री थांबली नाही.

‘पहिलं’ हेही चूक. जर्मनीच्या हेक्लर अँड कॉखचं पॉलिमर फ्रेमचं व्हीपी ७० हे १९७० चं. ते फारसं चाललं नाही, एवढंच. आणि १७ हा आकडा हे पिस्तूल बनवणाऱ्या ऑस्ट्रियाच्या गॅस्टन ग्लॉक यांच्या सतराव्या पेटंटचा. मॅगझिनमध्ये, म्हणजे गोळ्यांच्या कप्प्यात, गोळ्याही तेवढ्याच मावतात, हा योगायोग.

सेफ्टीच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे. अंगठ्याने सरकवायचा खटका नसतो, हे खरं. पण आपोआप चालणाऱ्या तीन सेफ्टी असतात. पिस्तूल खाली पडलं तरी गोळी सुटू नये, अशी रचना आहे. ट्रिगर पूर्ण ओढला की मात्र गोळी सुटणारच. रिव्हॉल्व्हरच्या जड ट्रिगरला सरावलेल्या पोलिसांकडून चुकून गोळ्या सुटल्याही. न्यूयॉर्क पोलिसांनी म्हणूनच ट्रिगर मुद्दाम जड करून घेतला. इथे दोष ट्रिगरवर बोट ठेवायच्या सवयीचा आणि अपुऱ्या प्रशिक्षणाचा होता.

राहिला खपाचा प्रश्न, आणि मला यातच खरा रस आहे. गॅस्टन ग्लॉक पडद्यांचे रॉड आणि लष्करासाठी चाकू बनवत. त्याआधी त्यांनी पिस्तूल कधी केलं नव्हतं. तरी १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या लष्कराने जुन्या वॉल्थर पी ३८ पिस्तुलाच्या जागी त्यांचंच पिस्तूल निवडलं. सुटे भाग जेमतेम ३४. फ्रेम साच्यातून निघते. जळगावच्या एमआयडीसीत मोल्डिंग मशीनवर काम करणाऱ्याला यातली मेख लगेच कळेल: साच्याचा खर्च एकदाच, पुढचा प्रत्येक नग स्वस्त आणि एकसारखा. १९८६ मध्ये मायामीच्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले आणि अमेरिकी पोलीस सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर टाकून द्यायला निघाले. ग्लॉक कंपनीने त्यांची जुनी शस्त्रं बदल्यात घेऊन नवी दिली. सिनेमाने नाव घरोघरी नेलं असेल, पण पाया या पोलीस खरेदीने घातला. १९९४ मध्ये स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीने इतकं मिळतंजुळतं पिस्तूल काढलं की ग्लॉकने त्यांना कोर्टात खेचलं.

आणि अमेरिकी लष्कर? त्यांनी १९८५ मध्ये बेरेटा कंपनीचं पिस्तूल घेतलं आणि २०१७ मध्ये सिग सावर कंपनीचं एम १७ निवडलं. त्या स्पर्धेत ग्लॉकही होतं, ते हरलं. निकालाविरुद्ध केलेली त्यांची तक्रारही फेटाळली गेली. ऑस्ट्रियाप्रमाणे ग्लॉक १७ अधिकृतपणे घेतलं ते ब्रिटिश लष्करानेही, २०१३ मध्ये.