हौशी लोकांचे दिवस संपले?

'गणितात आता हौशी माणसाला शोधण्यासारखं काही उरलेलं नाही' हे एका लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. २०२२ मध्ये डेव्हिड स्मिथ या इंग्लंडमधल्या निवृत्त छपाई तंत्रज्ञाला घरी आकारांशी खेळताना टोपीसारखा तेरा बाजूंचा आकार सापडला. त्या एकाच आकाराने अख्खी जमीन भरता येते, पण नक्षी कधीच ठरावीक अंतराने जशीच्या तशी परत येत नाही. सिद्धता करायला गणितज्ञ सोबत लागले, हे मान्य. पण आकार आधी दिसला तो स्मिथनाच!

आणि आपले हौशी गणिती द. रा. कापरेकर? फर्ग्युसनमध्ये शिकले, देवळालीच्या शाळेत मास्तरकी केली आणि ६१७४ या संख्येची गंमत शोधली: सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, एक ठरावीक वजाबाकी करत राहिलं की शेवटी ६१७४ च येते. परवा स्वारगेटहून कात्रजला जाताना बस चौकात अडकली, तेव्हा लेकीला तिकिटाच्या मागे करून दाखवलं. ३५२४ घेतला. अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची: ५४३२ – २३४५ = ३०८७, मग ८७३० – ०३७८ = ८३५२, मग ८५३२ – २३५८ = ६१७४. पुढे तेच येत राहतं. तिने लगेच विचारलं, "बाबा, पाच अंक घेतले तर?" रात्री जेवणं झाल्यावर दोघं वही घेऊन बसलो. ५३९५५ वरून ५९९९४ आणि पुन्हा ५३९५५, नुसता झोका! एका जागी थांबतच नाही. असं का, हे तिला अजून समजून घ्यायचंय. रोज शाळेतून आली की आधी तीच वही उघडते.